मातीत तंतू, अंगात यीस्ट

प्रश्न : माझे सासरे नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्याला होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे साताऱ्याला आले. गेलं वर्षभर त्यांना बारीक ताप होता, वजन उतरत होतं, जिभेवर एक जखम भरत नव्हती. क्षयाची औषधं चालू केली, गुण आला नाही. शेवटी जखमेचा तुकडा तपासला आणि 'हिस्टोप्लाझ्मा' या बुरशीचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, ही द्विरूपी बुरशी आहे, मातीत एक रूप आणि शरीरात दुसरं. एकाच जिवाची दोन रूपं कशी? ती रूप बदलते तरी का? आणि घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना हे लागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रातली खरी काळजी तीच आहे. मुलांना आजोबांपासून हा आजार होणार नाही. खोकल्यातून नाही, उष्ट्या ताटातून नाही, कपड्यांतून नाही. त्यांना आजोबांच्या मांडीवर खुशाल बसू द्या. हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते या बुरशीच्या दोन रूपांमुळेच.

हिस्टोप्लाझ्माचं मूळ घर माती. पाखरांची किंवा वटवाघळांची विष्ठा साचून कुजलेली, ओलसर माती तिला विशेष मानवते. कोंबड्यांची जुनी खुराडी, पडके वाडे, गुहा, थव्यानं पाखरं वस्तीला येतात त्या झाडांखालची जमीन, अशा ठिकाणी ती सापडते. पाखरांच्या अंगात मात्र ती सहसा टिकत नाही. त्यांच्या शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर असतं आणि तेवढी ऊब तिला सोसत नाही. वटवाघळांच्या आतड्यात ती राहू शकते. मातीत तिचं रूप तंतूंचं. केसाहून कितीतरी बारीक धागे कुजक्या मातीत पसरतात आणि त्यांच्यावर बीजाणू धरतात. यातले लहान बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे ते पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. माती उकरली, खुराडं झाडलं, की ते धुळीबरोबर उडतात. नाकातले केस आणि श्वासनळीतला चिकट स्राव यांना चुकवून फुप्फुसातल्या अगदी शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचायला हा आकार पुरतो.

तिथं बीजाणूला ३७ अंश सेल्सियस तापमान मिळतं. आता त्यातून लांब धागे पसरत नाहीत. गोलसर पेशी तयार होते, तिला कळी फुटते, कळी सुटून दुसरी पेशी होते, तिला पुन्हा कळी. हे यीस्टचं रूप. पाव फुगवणारं यीस्ट वेगळ्या जातीचं, पण वाढण्याची तऱ्हा तीच. आणि मुद्दा असा, की या रूपात बुरशी हवेत उडणारे बीजाणू धरत नाही. म्हणून रोग्याच्या खोकल्यातून घरच्यांना धोका पोचत नाही. लागण होते ती मातीतून, श्वासावाटे.

धोका असतो तो प्रयोगशाळेतल्या माणसांना. रोग्याचा नमुना २५ अंशांच्या आसपास वाढवला, की तीच बुरशी पुन्हा तंतू धरते, बीजाणू धरते, आणि झाकण बेसावधपणे उघडलं तर ते थेट छातीत जातात. असा संशय असेल तर डॉक्टरांनी नमुन्याच्या कागदावर तो स्पष्ट लिहायला हवा. हा शिष्टाचार आपल्याकडे पुरेसा पाळला जात नाही, असं माझं मत आहे.

दोन रूपांचा हा जीव ओळखायला शास्त्रज्ञांना जवळजवळ तीस वर्षं लागली. पनामा कालव्याचं काम चालू असताना तिथल्या अँकोन इस्पितळात सॅम्युअल डार्लिंग हे अमेरिकी डॉक्टर शवविच्छेदनं करत. १९०५ च्या डिसेंबरात मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका सुताराच्या फुप्फुसात, प्लीहेत आणि यकृतात त्यांना पेशींच्या आत गच्च भरलेले बारीक गोल कण दिसले. दोनच वर्षांपूर्वी लीशमन आणि डोनोव्हन यांनी काळाआजाराचे जंतू दाखवले होते, आणि ही बाधा पनामात सापडते का हे डार्लिंग शोधतच होते. कण तसेच दिसत होते, पण काळाआजाराच्या जंतूत असणारी दांडीसारखी खूण त्यांच्यात नव्हती. डार्लिंग यांनी तो नवा आदिजीव मानला. १९१२ मध्ये ब्राझीलचे दा रोशा लिमा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून सांगितलं, की हे यीस्टसारखं काहीतरी आहे. पुरावा १९३४ मध्ये आला. अमेरिकेत नॅशव्हिल इथं विल्यम डीमॉनब्रन यांनी एका आजारी बाळाच्या रक्तातून हा जीव वाढवला. खोलीच्या तापमानाला कापसासारखी बुरशी, शरीराच्या तापमानाला यीस्ट, आणि एकापासून दुसरं, दुसऱ्यापासून पुन्हा पहिलं. मग १९४९ मध्ये चेस्टर एमन्स यांना तीच बुरशी मातीत सापडली, आणि ती येते कुठून हे कळलं.

भारतात पहिला रोगी नोंदला गेला तो १९५४ मध्ये, कोलकात्यातच. पंजा आणि सेन यांनी त्याचं वर्णन केलं. १९७५ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या मातीतून ही बुरशी वेगळी काढली गेली. तेव्हा कोलकात्याचा मुक्काम ही तुमच्या पत्रातली किरकोळ माहिती नाही, डॉक्टरांना ती जरूर सांगा. बहुतेकांना ही लागण होऊन गेलेली कळतही नाही, सर्दी-खोकल्यावर भागतं. पण शरीर काही वेळा तिला मारून टाकण्याऐवजी नुसतं कोंडून ठेवतं. पुढे वय, मधुमेह, स्टेरॉइड, एचआयव्ही, अशा कारणांनी प्रतिकारशक्ती खचली, की ती पुन्हा डोकं वर काढते, कधीकधी अनेक वर्षांनी.

आता रूप बदलतं कसं. उष्णता ही कळ खरी, पण कळ दाबली आणि रूप पालटलं इतकं ते सोपं नाही. तंतूंना एकाएकी ३७ अंशांत ठेवलं, की पहिल्यांदा त्यांना जबर धक्का बसतो. पेशीतली ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा विस्कळीत होते, ऊर्जेचा साठा घसरतो, प्रथिनं बनणं जवळपास थांबतं. त्यानंतर बुरशी काही दिवस जणू निपचित पडून राहते. मग सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल मिळालं, तर तिची श्वसनक्रिया पुन्हा सुरू होते आणि नव्यानं वाढते ती यीस्ट म्हणून. १९८६ मध्ये संशोधकांनी एका रसायनानं तंतूंवर अशी प्रक्रिया केली, की त्यांना यीस्ट होताच येईना. ते तंतू ३७ अंशांना जिवंत राहत, वाढत, पण उंदरांना त्यांच्यापासून आजार झाला नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटानं हीच गोष्ट जनुकाच्या पातळीवर दाखवली. 'डीआरके १' हे जनुक तापमानातला बदल पेशीच्या आत कळवणाऱ्या साखळीतलं. ते निकामी केलं, की हिस्टोप्लाझ्मा आणि तिच्यासारखीच ब्लास्टोमायसीस, दोघी शरीराच्या उबेतही तंतूच राहतात आणि निरुपद्रवी ठरतात.

मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. या बुरशीच्या अंगी वेगळं असं विष नाही. रूप पालटण्याची ताकद हाच तिचा रोग. ती ताकद काढून घेतली, की उरते मातीत कुजकं खाणारी एक साधी बुरशी.

यीस्टच्या रूपात असं काय मिळतं? बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखर असते. आपल्या भक्षकपेशी ती ओळखतात आणि हल्ला चढवतात. यीस्ट होताना हिस्टोप्लाझ्मा या साखरेवर अल्फा-ग्लुकानचा थर चढवते. खालची ओळख झाकली जाते. मग भक्षकपेशी तिला गिळतात तरी खरा धोका त्यांच्या ध्यानात येत नाही. गिळल्यावर ज्या पिशवीत जंतू आम्लानं जिरवले जातात, तिथलं आम्ल ही बुरशी वाढू देत नाही, आणि तिथंच तिची पिलावळ वाढते. जिला मारायला पाठवलं त्या पेशीतच बसून ती रक्तावाटे प्लीहा, अस्थिमज्जा, यकृत आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जाते. लांब धाग्याला पेशीच्या पोटात असं बसता आलं नसतं.

आणि हे सारं तिनं माणसासाठी का शिकावं? माणूस तिच्या जगण्याला अजिबात लागत नाही. एक कल्पना मला पटण्याजोगी वाटते. मातीत अमीबा असतात, ते बुरशी-जिवाणूंना गिळूनच जगतात. गिळणाऱ्याच्या पोटात टिकून राहण्याची कला बुरशीनं तिथं कमावली असावी आणि आपल्या भक्षकपेशींसमोर तीच कामी आली असावी. ऊब सोसण्याची तयारी मातीत वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या सहवासात झाली असेल.

हिच्या भाऊबंदांच्या गोष्टीही विलक्षण आहेत. लॅटिन अमेरिकेतली पॅराकॉक्सिडिओइडीस घ्या. त्वचेच्या चाचणीवरून पाहिलं तर लागण स्त्री-पुरुषांना सारखीच होते. पण प्रौढांत आजारी पडतात ते मुख्यतः पुरुष, स्त्रियांच्या कित्येक पट. वयात येण्यापूर्वी हा फरक नसतो. कोलंबियातल्या मेडेयिन इथं अँजेला रेस्त्रेपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की स्त्रियांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन या बुरशीला तंतूंपासून यीस्ट होण्यापासून अडवतं. रूप बदललं नाही, तर आजारही नाही.

आग्नेय आशियातली टॅलरोमायसीस मार्नेफी बांबूच्या बेटात राहणाऱ्या उंदरांत सापडली. १९५९ मध्ये तिचं वर्णन करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ सेग्रेतँ यांच्याच बोटात चुकून सुई टोचली आणि बाधा झाली. आपल्याकडे ती मणिपूरमध्ये आहे, प्रामुख्यानं एचआयव्हीबाधितांत. आणि कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या मातीतली कॉक्सिडिओइडीस तर यीस्टही होत नाही. फुप्फुसात तिचा बीजाणू फुगून मोठा गोळा होतो, आत शेकडो कण तयार होतात, गोळा फुटला की प्रत्येक कणाचा नवा गोळा. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात डोंगर ढासळून धूळ उठली, त्यानंतर व्हेंचुरा परगण्यात दोनशेवर माणसं हिनं आजारी पडली. फीनिक्स किंवा बेकर्सफील्डकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना 'व्हॅली फीवर' हे तिच्या आजाराचं नाव परिचयाचं असेल. तिकडून आलेल्या माणसाचा खोकला महिनाभर हटत नसेल, तर तिकडे राहिल्याचं इथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

तुमच्या सासऱ्यांबद्दल तीन गोष्टी डॉक्टरांशी बोला. पहिली, इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक चालू केलं असेल तर क्षयाच्या औषधांचं काय करायचं. त्यातलं रिफॅम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं, की इट्राकोनॅझोल रक्तात टिकत नाही, आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम काही दिवस राहतो. दुसरी, साध्या कॅप्सूल असतील तर त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांनी त्या नीट शोषल्या जात नाहीत. तिसरी, अधिवृक्क ग्रंथी तपासल्या का? या आजारात त्या सुजतात, निकामीही होतात. फार थकवा, उभं राहिल्यावर चक्कर, कातडी काळवंडणं ही त्याची लक्षणं. औषध साधारण वर्षभर चालतं. मधेच बरं वाटलं तरी सोडू देऊ नका.

गुण नसताना क्षयाची औषधं घेतल्याचा तुम्हाला झालेला मनस्ताप मी समजू शकते. ताप, घटणारं वजन, छातीच्या फोटोतले डाग, तुकड्यात दिसणाऱ्या गाठी, सगळं क्षयासारखंच असतं, आणि आपल्या देशात क्षय इतका आहे की पहिला विचार त्याचाच येणार. पण थुंकीत क्षयाचा जंतू सापडलेला नाही आणि दोन महिन्यांत औषधाचा गुण नाही, असं असेल तर तिथं थांबून बुरशीचा विचार झालाच पाहिजे.

प्रश्न : उसातल्या हुमणीसाठी आम्ही मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून टाकतो. मेलेल्या अळीवर हिरवी बुरशी दिसते. ही बुरशी अळीला नेमकं काय करते? हाताला लागते, नाकात जाते, मग आम्हाला नाही का काही होणार? (एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका)

उत्तर : तुमच्या शेतात रूपांतराचा हाच खेळ चालू आहे, फक्त रोगी हुमणी आहे. मेटारायझियमचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो. त्याला छोटा कोंब फुटतो, कोंबाच्या टोकाला फुगीर गादी तयार होते आणि ती कातडीवर दाब देते. सोबत कातडी विरघळवणारी विकरं सुटतात. अशी ही बुरशी तोंडावाटे जावी लागत नाही, बाहेरूनच आत घुसते. पोटात जाऊन मारणारं कीडनाशक अळीनं खावं लागतं, हिला तशी गरज नाही. आत गेल्यावर धागा लांबवण्याऐवजी ती सुट्या, आखूड, यीस्टसारख्या पेशी करते. अळीच्या रक्तात त्या तरंगत सर्वत्र जातात. त्यांच्यावर एक आवरण चढतं, त्यामुळे अळीच्या रक्तपेशींना त्या परक्या वाटत नाहीत. अळी मरायला टेकली, की पेशी पुन्हा तंतू होतात, देह आतून भरून टाकतात, कातडी फोडून बाहेर येतात. आधी पांढरी लव, मग बीजाणू पिकले की तुम्ही पाहता तो हिरवा रंग. रूप दोनदा बदललं, एकदा आत पसरायला आणि एकदा बाहेर पडायला. याला वेळ लागतो, ओलही लागते. म्हणून कोरड्या जमिनीत ती टाकून चार दिवसांत फरक दिसला नाही तर तिला दोष देऊ नये. अळ्या लहान असताना, पावसाच्या सुरुवातीला टाकली तर उपयोग होतो. मोठ्या हुमणीवर तिचा प्रभाव कमी.

ही बुरशी १८७९ मध्ये ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांत सापडली, आणि शोधणारे होते इल्या मेचनिकॉव्ह. कीड मारायला ती मुद्दाम वाढवावी, ही कल्पना त्यांचीच. ज्या भक्षकपेशींचा उल्लेख वरच्या उत्तरात आला, त्या ओळखणारेही तेच. पाण्यातल्या डॅफ्निया या पारदर्शक, इवल्या जिवाला यीस्टची बाधा होते तेव्हा त्याच्या पेशी यीस्टला गिळतात, हे त्यांनी १८८४ मध्ये वर्णन केलं. १९०८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. बुरशी आणि तिला गिळणारी पेशी, या दोन्ही बाजूंवर एकाच माणसानं नजर ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुमच्या जिवाचं म्हणाल, तर तुमचं संरक्षण करते ती तुमच्या अंगातली ऊब. मेटारायझियमच्या बहुतेक वाणांना ३७ अंशांत नीट वाढता येत नाही. नेदरलँड्समधल्या मोठ्या बुरशी-संग्रहातले हजारो नमुने तपासून २००९ मध्ये हिशेब मांडला गेला. तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान तापमान एकेक अंशानं वाढवत नेलं, तर दर अंशाला सुमारे सहा टक्के नमुने गळतात. माणसाला गाठू शकणाऱ्या बुरशी इतक्या थोड्या आहेत त्यामागे हे मोठं कारण आहे. तरीही पावडर मिसळताना नाकातोंडाला फडकं किंवा मास्क बांधा, हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका. बीजाणूंची धूळ कोणतीही असो, दमेकऱ्याला त्रास देते, आणि डोळ्याला इजा झालेली असेल तर तिथं बुरशी रुजू शकते.

उसाचा विषय निघालाच आहे तर काणी या बुरशीच्या रोगाबद्दलही सांगते. शेंड्यातून निघणारा तो काळा चाबूक तुम्ही पाहिला असेल. त्याची काळी भुकटी म्हणजे बीजाणू. ते रुजले की आधी यीस्टसारख्या सुट्या पेशी होतात, आणि या पेशी एकेकट्या उसाचं काहीही बिघडवू शकत नाहीत. परस्परपूरक अशा दोन पेशी भेटून एकजीव झाल्या, की जो तंतू निघतो तोच डोळ्यातून उसात शिरतो. म्हणजे हिस्टोप्लाझ्माच्या बरोबर उलट. तिथं यीस्ट रोग करतं आणि तंतू साधे, इथं तंतू रोग करतात आणि यीस्ट गरीब. चाबूक दिसला, की आधी त्यावर पोतं किंवा पिशवी घालून मग तो कापा, बेट मुळासकट काढून जाळा, आणि अशा फडातलं बेणं धरू नका, खोडवाही ठेवू नका.

प्रश्न : माझ्या बाळाला न्यूमोनियासाठी ॲंटिबायोटिक दिलं. नंतर तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे आले. डॉक्टर म्हणाले कॅन्डिडा, ती सगळ्यांच्या अंगात असते. सगळ्यांच्या अंगात असते तर सगळ्यांना त्रास का होत नाही? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : कारण एरवी ती यीस्टच्या रूपात, आतड्यात नि तोंडात, जिवाणूंच्या गर्दीत गुमान राहते. ॲंटिबायोटिकनं ते जिवाणू मारले, बुरशी मारली नाही. जागा मोकळी झाली, खाऊ मिळाला, ती वाढली. आणि वाढताना तिनं लांब तंतू काढले. तंतू गालाच्या आतल्या अस्तरात शिरतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं लहानसं प्रथिन सोडतात, ते पेशींना भोकं पाडतं. हा पदार्थ २०१६ मध्ये ओळखला गेला. कॅन्डिडा रक्तातल्या द्रवात ३७ अंशांना ठेवली तर दोन-तीन तासांत तिला कोंब फुटतो. प्रयोगशाळेत तिला ओळखायची ही साधी, जुनी चाचणी आहे. जिला तंतू काढताच येत नाहीत अशी कॅन्डिडा १९९७ मध्ये तयार केली गेली, तेव्हा तिनं उंदरांना मारलं नाही. यीस्टच्या रूपात ती रक्तातून सहज वाहते, तंतूंच्या रूपात भिंत फोडते, आणि तिला दोन्ही करता येतं म्हणून ती भारी पडते.

तुमच्या बाळाचं हे डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी जाईल. अंगावर पाजत असाल तर तुमच्या स्तनाग्रांवर जळजळ, लाली आहे का ते पाहा. असेल तर दोघांचं औषध एकदम करावं लागतं, नाहीतर ते एकमेकांकडे फिरत राहतं. बाटली, चोखणी रोज उकळा. आणि पुढच्या वेळी सर्दीपडशाला उरलेलं ॲंटिबायोटिक देऊ नका.

या चट्ट्यांवरचं एक औषध आपल्याच मातीतलं आहे, हे तुम्हाला सांगायलाच हवं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढलं. त्या जिवाणूला गावावरून 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' असं नाव दिलं. अमेरिकेत ते ब्लास्टोमायसीससारख्या द्विरूपी बुरशींच्या रोग्यांवरही वापरून पाहिलं गेलं. पुढे ते मुख्यतः तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या कॅन्डिडासाठी लावायचं औषध म्हणून राहिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत पेनिसिलिनची गोष्ट असते, हॅमायसिनची नसते. ती असायला हवी.

प्रश्न : २०२१ मध्ये करोनानंतर जी काळी बुरशी आली ती पण अशीच रूप बदलणारी होती का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, त्या अर्थानं नाही. म्युकरमायकोसिस करणारी बुरशी, आपल्याकडे बहुतेक वेळा ऱ्हायझोपस, शरीरातही तंतूच राहते. शिळ्या पावावर जी करडी-पांढरी लव येते तिच्याच कुळातली ही. (तिच्या नात्यातल्या काही म्युकर प्राणवायू कमी पडला तर यीस्टसारख्या होतात. पाश्चर यांनी १८७६ मध्येच ते पाहिलं होतं. पण रोग करतात ते तंतूच.) तिचे बीजाणू आपण सगळेच रोज हुंगतो आणि आपल्या भक्षकपेशी त्यांना रुजू देत नाहीत. त्या वर्षी बदललं ते माणसाचं शरीर. साखर अनियंत्रित, रक्तात आम्ल वाढलेलं, त्या आम्लानं मोकळं झालेलं लोह बुरशीला खायला मिळतं, आणि वर स्टेरॉइडनं पेशी दुबळ्या. रुंद, फांद्या फुटलेले तंतू सायनसमधून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतात, रक्त गोठतं, पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं, तो मरून काळा पडतो. काळा रंग मेलेल्या मांसाचा असतो. बुरशी काळी नव्हती. त्या वर्षी जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रोगी नोंदले गेले, सर्वांत जास्त महाराष्ट्रात, त्याखालोखाल गुजरातेत. कित्येकांचा डोळा, टाळू, जबडा काढावा लागला, आणि अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी शहरं पालथी घातली.

हा आजार करोनाबरोबर गेलेला नाही. मधुमेह जिथं आहे तिथं तो आधीही होता, आजही आहे. साखर वाढलेल्या माणसाला एका बाजूचा गाल बधिर वाटला, एकाच डोळ्याला सूज आली किंवा दोन-दोन दिसू लागलं, वरचे दात अचानक हलू लागले, नाकातून काळपट-तांबूस पाणी आलं, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.